शून्य की ओ? : लेकीबरोबर जुनी पिकअप उभी करताना

गेल्या महिन्यात आमच्या १९६७ सालच्या पिकअपचं नोंदणीपुस्तक हातात आलं. गाडी दारात आणली त्या दिवसापासून मोजलं तर एकोणीस महिने झाले. सुरुवातीला "सहा महिन्यांचं काम आहे" असं मी ज्याला त्याला छातीठोकपणे सांगत होते. नंतर ते वाक्य मला बऱ्याच जणांनी परत ऐकवलं.

मी मेकॅनिक नाही. माझं काम टेबलावर बसून आकडेमोड करण्याचं. लेक तेव्हा नुकती चौदाची झाली होती, आता सोळावं चालू आहे. आम्हा दोघींपैकी कुणीही याआधी चाकसुद्धा बदललेलं नव्हतं. शेडखाली उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या गाडीकडे बघून तुमच्या मनात काही चाळवत असेल, तर आम्ही कुठे कुठे अडलो ते आधीच कळलेलं बरं, म्हणून हे लिहिते आहे. रकमा देत नाही, त्या जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात. माझ्या वहीत मी गाडीची खरेदी किंमत १०० धरून बाकी सगळा खर्च त्या मापात मांडला होता, इथेही तसंच करते.

११ फेब्रुवारीला गाडी पहिल्यांदा पाहिली. हौद्यातून वेल वर आला होता, चारही टायर बसलेले, ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धी खाली अडकलेली. लेकीने शाळेतून येताजाता ती महिनाभर बघून ठेवली होती. मालकाला विकायची होती आणि भाव कमी होता. माझ्यातला हिशेबनीस जागा झाला तो तिथे. भाव कमी का, हे विचारायला मी एका ओळखीच्या गॅरेजवाल्यांना बरोबर नेलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. सरळ खाली झोपले आणि लहान हातोडीने चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाजवत गेले. टणटण, टणटण, टणटण, मग थप्प. थप्प वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आत गेला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या वर हातभर चासी सडली होती. नंतर त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवलं. चुंबक चिकटलं नाही तिथे खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दोन्ही दारांचा खालचा वीतभर भाग लांबीचाच निघाला. म्हणाले, "इंजिन जाम आहे, त्याचं बघता येईल. पैसे खातो तो पत्रा."

त्यांचं ते म्हणणं पुढे तंतोतंत खरं ठरलं. पण त्या दिवशी जे बघायला हवं होतं ते आम्ही तिघांनीही बघितलं नाही, ते म्हणजे कागद. विकणारे गृहस्थ तिसरे मालक आणि पुस्तकावर नाव पहिल्या मालकाचं. मधलं हस्तांतरण कधी झालंच नव्हतं. माझ्या हातून एवढी एक शहाणपणाची गोष्ट झाली की किमतीतले २० मी राखून ठेवले आणि 'कागद पूर्ण झाल्यावर' असं लिहून घेतलं. पुढे त्या गृहस्थांना सह्यांसाठी चार वेळा बोलवावं लागलं आणि ते चारही वेळा आले. त्या वीसांमुळेच आले असावेत.

२५ फेब्रुवारीला गाडी क्रेनने घरी आली. पहिला नियम लेकीने केला: खोलण्याआधी फोटो, खोलल्यावर पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. ती चिठ्ठ्या लिहायची, मी नट काढायचे. हा नियम इतका चांगला होता की त्यातली खोट कळायला तीन आठवडे लागले. मी 'डावं' म्हणायचे ते गाडीसमोर उभी राहून, ती 'डावं' लिहायची ते सीटवर बसल्याच्या हिशेबाने. एकोणपन्नास पिशव्यांवर कुणाचं डावं लिहिलंय, हे एका रविवारी फोटो लावून ठरवावं लागलं. गाडीचं डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवतात. बाकी काही विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

डाव्या-उजव्याचा दुसरा फटका याहून मोठा बसला. उजवी चाकं सहज निघाली (नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, जॅकवर घेतल्यावर नाही, हे वाचून ठेवलं होतं). डाव्या पुढच्या चाकाचे नट मात्र हलेनात. गंज सोडवणारं तेल मारलं, रात्रभर ठेवलं, पान्यात लांब पाइप घातला. शेवटी मी त्या पाइपवर उभी राहिले. कडाड आवाज आला आणि मी खाली बसले. नट नव्हता सुटला, बोल्टच तुटला होता. दुसऱ्या नटाचीही तीच गत झाली. मग लेकीने एका बोल्टचं टोक रॉकेलच्या चिंधीने पुसलं आणि म्हणाली, "आई, इथे एल कोरलाय." काही जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलट आटे असतात. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नये, अशी त्यामागची कल्पना. आम्ही अर्धा दिवस ते नट जीव तोडून आवळत होतो. दोन बोल्ट, एक पाना आणि माझी कंबर यांवर ते निभावलं.

ब्रेकचे ड्रम खोलण्याआधी मी लेकीला बाहेर काढलं, त्यावरून आमचं पहिलं खरं भांडण झालं. त्या काळातल्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली काळी पूड फुंकरीने किंवा हवेच्या पंपाने उडवायची नाही, हे मी कुठेही वाचलं असतं तरी पाळलंच असतं. पण ती म्हणाली, "मग तू का जातेस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ते काम दोघींनीही केलं नाही. योग्य मुखवटे आणि पूड ओली करून काढायची सोय असलेल्या माणसाला दिलं, खर्च ३. जुन्या रंगाचंही तसंच. त्यात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासकाम आम्ही पूर्ण बंद ठेवलं. पाणी लावून घासायचं आणि निघालेला चिखल पुसून पिशवीत बांधायचा. जॅकवरच्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय कुणीही हातसुद्धा घालायचा नाही, हा नियम मात्र भांडणाशिवाय ठरला.

एप्रिलमध्ये तिच्या परीक्षा संपल्या आणि आम्ही इंजिनाकडे वळलो. चार सिलिंडर, पेट्रोल, कार्बोरेटर. ते किती वर्षं फिरलं नव्हतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. जाम इंजिनाला स्टार्टर मारायचा नाही. आम्ही चारही प्लग काढले आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल व ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ओतलं. (ॲसिटोनची वाफ पेट घेते. दारं सताड उघडी ठेवा आणि आसपास ठिणगी नको.) मग वाट बघायची. रोज संध्याकाळी गिअर न्यूट्रल आहे ना ते बघून, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हलका दाब द्यायचा, एकदा इकडे, एकदा तिकडे. जोर करायचा नाही. आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी मी फोनवर होते आणि ती एकटीच पाना धरून उभी होती. हाक आली, पण ओरडून नाही, अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तर काहीतरी पळून जाईल. "आई. हललं." मी गेले. तिने पुलीवर खडूने रेघ ओढून ठेवली होती आणि ती रेघ खुणेपासून केसभर, फार तर दोन केस, सरकलेली होती. त्या दिवशी आम्ही आणखी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटभर हललं, तिसऱ्या दिवशी पूर्ण फेरा झाला आणि प्लगच्या भोकांतून गंजाचं लाल पाणी आमच्या अंगावर उडालं.

मग सिलिंडरचा दाब मोजला. ९.१, ९.०, ५.२, ८.९ बार. तिसरा पडलेला. अशा वेळी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कारण तेलाने फट बुजते. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. आमचा ५.३ झाला. इंजिनाचं हेड काढलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड, खचलेली होती. यामागे एक गंमत आहे, ती लेकीने शोधून काढली. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की इंजिन ठोकत नाही, हे १९२१ मध्ये थॉमस मिजली यांना सापडलं. त्या शिशाचा थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा आणि सीट झिजायची नाही, म्हणून जुन्या इंजिनांच्या सीट मऊ असल्या तरी चालून जायचं. शिसं विषारी, त्यामुळे देशोदेशी त्यावर बंदी आली. शेवटच्या देशातली विक्री २०२१ मध्ये थांबल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जाहीर केलं. म्हणजे हिशेबाने बरोबर शंभर वर्षं. आता शिशाशिवायच्या पेट्रोलवर चालवायची तर कडक सीट बसवून घ्यायच्या. हेड मशीन शॉपला दिलं. 'दोन आठवडे' म्हणाले, नऊ लागले. खर्च ८५. या कामात दर आठवड्याला फोन करून काही होत नाही, प्रत्यक्ष जाऊन उभं राहिलं की होतं.

त्या नऊ आठवड्यांत आम्ही गंज काढला. मोठ्या भागांचं सांगत नाही, ते नुसतं घासकाम आहे आणि कंटाळवाणं आहे. पण बिजागऱ्या, साखळ्या, कड्या अशा लहान लोखंडी वस्तूंसाठी लेकीने विजेची बादली केली, ती सांगण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. कडेने लोखंडी सळया उभ्या करायच्या आणि त्या बॅटरी चार्जरच्या धन टोकाला जोडायच्या. गंजकी वस्तू मध्ये टांगायची, तिला ऋण टोक. वस्तू आणि सळ्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. सळया स्टेनलेस स्टीलच्या अजिबात नकोत, त्यांतून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. फाळक्याची (हौद्याच्या मागच्या झडपेची) साखळी आम्ही संध्याकाळी टाकली. सकाळी पाणी कालव्याच्या गढूळ रंगाचं झालं होतं आणि साखळी काळी मऊ दिसत होती. ब्रशने ते काळं पुसल्यावर एकेका कडीवरचा जोड मोजता येत होता. मात्र स्प्रिंगसारख्या कडक पोलादाच्या वस्तू यात टाकू नका, त्या ठिसूळ होतात.

चासीचं वेल्डिंग मी घरी होऊ दिलं नाही. माणसाचं वजन जिच्यावर बसणार, तो जोड शिकाऊ हाताचा नको. सडलेला भाग कापून मूळ जाडीचा पत्रा घातला, खर्च ७०. त्यासाठी तारीख मिळायला सप्टेंबर उजाडला.

आता कागदांचं. हे काम एप्रिलपासूनच समांतर चाललं होतं, पण एकदम सांगितलं तर कळेल.

नाव बदलायचा अर्ज ऑनलाइन भरायला बसले. चासी नंबरच्या रकान्यात आमचा ११ अक्षरांचा नंबर टाकला, तर लाल ओळ आली: १७ अक्षरं हवीत. आजचा १७ अक्षरी नंबर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाला, त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने नंबर ठोकायची. अर्ज लिहिणाऱ्याला याची कल्पना नसावी. पुढे शून्यं भरून १७ करा, असा सल्ला मला एका दलालाने दिला. असलं काही करू नका. खोट्या नंबरची नोंद एकदा झाली की ती निस्तरायला जन्म जाईल. मी कागदी अर्ज घेऊन खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं, पुस्तक बघितलं आणि विचारलं, "हे शून्य आहे की ओ?"

पुस्तकावर कुणीतरी हाताने ओ लिहिला होता. गाडीवर होतं शून्य. म्हणजे कागदावरची गाडी आणि दारातली गाडी कायद्याने दोन वेगळ्या गाड्या झाल्या. (आजच्या १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, ती नेमकी याच घोळासाठी. आमची गाडी त्याआधीची.) बाई चांगल्या होत्या. त्यांनी काय काय लागेल ते एका चिठ्ठीवर ओळीने लिहून दिलं: नंबरचा पेन्सिलने उठवलेला ठसा, सगळ्या बाजूंचे फोटो, प्रतिज्ञापत्र, पहिल्या मालकाची संमती आणि मधल्या खरेदीच्या पावत्या.

ठसा घेताना एक काळजी घ्यायची. नंबरवर ग्राइंडर किंवा खरखरीत कागद फिरवायचा नाही. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणाऱ्याला पहिला संशय येतो तो नंबर बदलल्याचा. आम्ही रंग काढायचं रसायन लावून, दात घासायच्या जुन्या ब्रशने तो भाग साफ केला. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली. लेकीने सहा ठसे घेतले, त्यांतले तीन बरे आले. शून्य स्पष्ट होतं, लांबट आणि मध्ये चिंचोळं.

पहिले मालक हयात नव्हते. त्यांच्या वारसांचा पत्ता मधल्या मालकांकडून मिळाला, ऑगस्टमध्ये संमतीपत्र आलं. वारसदार काकूंनी पत्राबरोबर एक निरोपही दिला होता: फाळका उघडताना डावी साखळी आधी सोडा, नाहीतर तो पायावर पडतो. (साखळी तोवर नव्याने बसवली होती. त्यांचं खरं होतं.) प्रस्ताव वरच्या कार्यालयात गेला, एकदा 'फोटो अस्पष्ट' म्हणून परत आला, पुन्हा गेला. नोंद दुरुस्त झाल्याचं पत्र जानेवारीत मिळालं. पाच खेपा, नऊ महिने, खर्च १२. वेळेच्या मानाने पैसा काहीच नाही. प्रत्येक खेपेला जमा केलेल्या कागदाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. दुसऱ्या फेरीत फाइल 'सापडत नव्हती', तेव्हा पोचेमुळेच ती सापडली.

ऑक्टोबर ते डिसेंबर ब्रेक. या गाडीचा ब्रेक एकाच सर्किटवर चालतो. आजच्या गाड्यांत दोन असतात, एक फुटलं तरी दुसरं धरतं. आमच्या गाडीत एक पाइप गळला की चारही चाकं गेली. म्हणून इथे जुनं काहीच ठेवलं नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होज, सगळे पाइप नवे. खर्च ४०. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रतीचं घातलं. ते हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. म्हणून अर्धवट वापरलेला डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही. सिलिकोनचं डॉट ५ यात मिसळत नाही, नंबर मोठा म्हणून चांगलं असं समजू नका.

ब्रेकमधली हवा काढणं हे दोघांनी मिळून करायचं काम. ती चाकापाशी जमिनीवर, मी सीटवर. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाला सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. ती म्हणणार "दाब", मी पेडल दाबणार आणि ती निपल उघडणार. बुडबुडे निघाले की ती "धर" म्हणून निपल बंद करणार, आणि "सोड" म्हटल्यावरच मी पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला गेला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी अडीच तास बुडबुडे थांबेनात. ती म्हणे, तू आधी सोडतेस. मी म्हणे, तू हळू बोलतेस. शेवटी तिने फोन पेडलजवळ ठेवून माझ्या पायाचं रेकॉर्डिंग केलं आणि मला दाखवलं. ती "धर" म्हणायची, आणि माझा पाय बोटभर उचलला जायचा. मला कळतसुद्धा नव्हतं. "धर" ऐकलं की काम झालं, असं माझ्या पायाने परस्पर ठरवून टाकलं होतं. तिने मला काही सुनावलं नाही, फक्त म्हणाली, "परत करूया." दुसऱ्या दिवशी तासाभरात पेडल दगडासारखं घट्ट झालं. तिला मध्येच हाक मारून घाईला लावण्याची माझी घरातली सवय मला त्या रेकॉर्डिंगनंतर जरा जास्तच दिसायला लागली, पण तो विषय वेगळा.

रंगाचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, खर्च ५५. हिरव्या रंगाखाली राखाडी निघाला, तोच मूळचा. डाव्या दारावर तर हिरव्याच्या खाली हाताने रंगवलेली अक्षरं मिळाली, कमाल भार ७५० किलो, शेवटचा आकडा अर्धा खाली घसरलेला. मला सगळं एकसारखं नवं हवं होतं. लेकीने जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, फिवाची, ट्युरिन सनद वाचून काढली होती. नवं करण्याआधी जे आहे ते जपावं, असा त्या सनदेचा कल आहे. मी म्हटलं, सनद लिहिणाऱ्यांना दार रंगवायचं नाहीये. वाद आठवडाभर चालला आणि मी हरले. त्या वीतभर भागावर फक्त पारदर्शक लॅकर मारलं, भोवती नवा राखाडी. आता येणारा जाणारा आधी तेच वाचतो.

१७ एप्रिलला पहिल्यांदा चालू करायचं ठरलं. आग विझवायचा सिलिंडर हाताशी, ऑइलचा दाब आधी प्लग काढून स्टार्टरने चढवून घेतलेला. किल्ली फिरवली, कार्बोरेटरमधून फाट् आवाज आला आणि निळी ज्योत. पुन्हा फाट्. सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२, वायरी बरोबर. मग लक्षात आलं की डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवतो तो) काढताना आम्ही खूण केली नव्हती. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. आम्ही दुसरी वेळ पकडली होती. उपाय सोपा: पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवायचं, अंगठा उडवला गेला की ती दाबायची वेळ. अंगठा तिचा, पाना माझा. डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा फिरवून बसवला आणि गाडी सुरू झाली, चाळीस सेकंद. मग कार्बोरेटरची सुई अडकली, पेट्रोल वाहायला लागलं आणि मी घाईने बंद केली. तेवढ्यात शेडभर इतका धूर झाला की आम्ही एकमेकींना हाका मारत बाहेर आलो.

विम्यासाठी 'ठरलेल्या किमती'ची पॉलिसी घ्या. नेहमीच्या पद्धतीत वय धरून किंमत काढतात आणि ती जवळपास शून्य येते. आमच्याकडे बिलं आणि फोटो तारखेवार होते, म्हणून मूल्यांकन एका भेटीत झालं.

९ जूनची तपासणी आम्ही नापास झालो. ब्रेक पास, हँडब्रेकही पास. मागचा उजवा इंडिकेटर लागेना. घरी तो लागत होता, शपथेवर. अधिकाऱ्यांनी दिव्याला बोट लावलं की लागायचा, सोडलं की बंद. कारण आमचाच रंग निघाला. दिव्याची अर्थची वायर बॉडीवर जिथे बसते तिथेही आम्ही सुंदर तीन थर दिले होते, आणि रंगातून वीज जात नाही. नाणंभर जागा घासून पत्रा उघडा केला, ग्रीस लावून बोल्ट आवळला. तेवढ्या कामासाठी पुढची तारीख ३० जून. त्या दिवशी पास.

एकूण हिशेब: खरेदी १००, मशीन शॉप ८५, वेल्डिंग ७०, रंग ५५, टायर ४८, हत्यारं ४५, ब्रेक ४०, कागद १२, आणि आमच्या चुकांचे, म्हणजे तुटलेले, चुकीचे मागवलेले, दोनदा घेतलेले सुटे भाग, २३. एकूण ४७८. विकली तर निम्मे येतील. हत्यारं जमली तर उसनी घ्या, त्यातली अर्धी आम्ही एकदाच वापरली.

२४ सप्टेंबरला नोंदणीपुस्तक आलं. मी आधी चासी नंबर बघितला. शून्य होतं. मग लेकीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि खालचा रकाना दाखवला. रंग: हिरवा.

रंग बदलला तर वेगळं कळवावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. त्याचा अर्ज वेगळा, फोटो वेगळे. काल रात्री ती तो भरत बसली होती. चासी नंबरच्या रकान्याशी आली, शून्य काढलं, थांबली, आणि त्यातून एक तिरकी रेघ मारली.